बंद करायचं बटण

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी हा बेंच ग्राइंडर मिळाला. विकणाऱ्याने लपवलं काहीच नाही. "मोटार टणटणीत आहे काका, बटण तेवढं कधी ऐकतं, कधी नाही," म्हणाला. मी 6 इंची दगड हाताने फिरवून पाहिला. खरखर न करता तो बराच वेळ फिरत राहिला, म्हणजे बेअरिंग शाबूत. घेतला.

घरी पटाशीला धार लावून बटण बंद केलं, तर ग्राइंडर फिरतोच आहे. शेवटी पिन उपसली. चालू न होणाऱ्या यंत्राने फार तर खोळंबा होतो. बंद न होणाऱ्या यंत्राची मला भीती वाटते.

बटण उघडलं. आत लोखंडाची काळी पूड ठासलेली, कॉन्टॅक्टला खड्डे, एक जोडी वितळून चिकटलेली. कुणीतरी इथे घरातल्या दिव्याचं बटण बसवलं होतं. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तो तोडताना आत ठिणगी लांबते. दिव्याच्या बटणाला हा मार सोसत नाही. काचपेपरने घासून काही दिवस चाललं असतं, पण घासताना वरची चांदी जाते आणि कॉन्टॅक्ट पुन्हा तापू लागतो. पूर्वी मी ते केलं आहे. आता करत नाही.

मग पिन खोलली. अर्थिंगची हिरवी वायर कापून आत मुरडून ठेवलेली. फेज आणि न्यूट्रल उलटे, म्हणजे बटण नुसतं न्यूट्रल तोडत होतं. ग्राइंडर बंद असतानाही वाइंडिंगमध्ये फेज उभाच. त्या लोखंडी अंगाला टेकून कुणी किती वर्षं काम केलं असेल! मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

नवं बटण हिरव्या-लाल जोडीचं आणलं, आत नो व्होल्ट कॉइल असलेलं. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये असते तशीच. वीज गेली की कॉइल सुटते आणि आली तरी मोटार आपणहून उठत नाही. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून शेतकरी पंपाला ऑटो स्विच लावतात. त्यांची अडचण मला कळते. पण इथे लाइट गेल्यावर माणूस टेकूवर हात ठेवून दगड न्याहाळत असतो, आणि हा दगड मिनिटाला जवळजवळ 2850 फेरे घेतो. त्याची कड सेकंदाला 22 मीटर धावते. बटण ग्राइंडरच्या निम्म्या किमतीचं पडलं. मला ते महाग वाटलं नाही.

दगडही उतरवले. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवायचा. दगड बोटावर लटकवून लाकडी मुठीने टिचकावले. उजवा खणखणला, डावा बद्द वाजला. डाव्याचे हातोडीने तुकडे केले, कुणी उचलून पुन्हा लावू नये म्हणून. नव्या दगडाला कागदी चकत्या घातल्या, टेकू 3 मिलिमीटरवर आणला.

बाजूला उभं राहून हिरवं बटण दाबलं. मिनिटभर चालू दिला, आणि मग भिंतीवरची पिनच ओढली. दगड मंदावत, गुणगुणत थांबला. पिन परत खोचली. हात मागे घेऊन पाहत राहिलो. दगड हलला नाही.