प्रोपेलर फिरताना दिसला पाहिजे

शिकागोपासून तीनेक तासांवर गेल्सबर्ग नावाचं गाव आहे. कवी कार्ल सँडबर्ग इथला, पण आम्ही जातो ते स्टिअरमनसाठी. सप्टेंबरच्या सुरुवातीला इथल्या छोट्या विमानतळावर ही जुनी बायप्लेन्स (एकावर एक दोन पंखवाली) लांबलांबून उडत येतात. बोईंगने विचिटात अशी आठ हजारांवर बनवली. दुसऱ्या महायुद्धात हजारो पोरं यांच्यावरच उडायला शिकली, आणि युद्ध संपल्यावर यातली बरीच पिकांवर फवारणी करायला गेली. निळं धड आणि पिवळे पंख म्हणजे आर्मीचं, अख्खं पिवळं म्हणजे नेव्हीचं. एवढं कळलं की तुम्ही तिथे जाणकार!

आणि ते सुरू करणं बघाच. पंखाजवळ उभं राहून एकजण हँडल फिरवतो, अगदी गुऱ्हाळाच्या इंजिनासारखं. आत फ्लायव्हील किंचाळायला लागतं, मग भसकन धूर, आणि सात सिलिंडर एकेक करून जागे होतात.

आता फोटोचं गणित. इंजिन मिनिटाला १८०० फेरे मारतंय, म्हणजे सेकंदाला ३०. शटर १/१००० ठेवलं तर तेवढ्यात प्रोपेलर जेमतेम ११ अंश फिरतो. फोटो कडक येतो, पण विमान दुकानात दोऱ्याला टांगल्यासारखं. १/६० ला अर्धा फेरा होतो, आणि पाती दोन असल्यामुळे पूर्ण चकती दिसते. फक्त तेवढा वेळ तुमची लेन्स विमानाबरोबर बिनचूक सरकायला हवी. नव्वद टक्के फ्रेम कचऱ्यात जातात. दुपारी तर नादच सोडा, वरच्या पंखाची सावली थेट पायलटच्या तोंडावर.

एकदा शनिवारी संध्याकाळी एक आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. पुढच्या वर्षी मेडिकल होणार नाही, विमानाला गिऱ्हाईक ठरलंय. "सकाळी धावपट्टीवरून एकदा खालून जाईन, मग घरी. एक फोटो दे. प्रोपेलर फिरताना दिसला पाहिजे. नाहीतर इंजिन बंद पडलंय असं वाटतं."

एकच फेरी! १/५०० ला खात्रीचा फोटो मिळाला असता, पण नेमका त्यांना नको असलेला. रात्री मोटेलबाहेर हायवेवरच्या ट्रकांवर लेन्स फिरवत बसलो. (बायको म्हणाली, पोलीस येतील.)

सकाळी सात. कोवळं ऊन, ते मागच्या सीटवर. स्टिअरमन एकट्याने उडवायचं तर मागूनच. १/६०. पाच-सहा सेकंदांत सगळं संपलं आणि पिवळे पंख मक्याच्या शेतांवरून पश्चिमेला गेले.

एकतीस फ्रेम, दोन धड. मोठी प्रिंट काढून पोस्टाने पाठवली. महिन्याने मेल आली: चकती छान आलीय, आणि पोटावरचा तेलाचा ओघळ फोटोशॉपमध्ये पुसला नाहीस याबद्दल आभार.