भांडवल मोठे, आयुष्य छोटे

थंडीच्या रात्री गच्चीवरून मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी पाहावा. सूर्याच्या पंधराएक पट भांडवल घेऊन जन्मला आणि उधळपट्टीने एक कोटी वर्षांतच म्हातारा झाला! आपला सूर्य मध्यमवर्गीय. साडेचारशे कोटी वर्षे संसार करूनही जवळपास तेवढीच शिल्लक बाळगून आहे.

पण इंधन संपल्यावर काय? १९३० साली मुंबईहून विलायतेला निघालेला एकोणीस वर्षांचा चंद्रशेखर बोटीवर हेच गणित मांडत होता. उरलेला गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असेल, तर तो श्वेतबटू होऊन शांतपणे निवत नाही, कोसळतच जातो. १९३५ मध्ये लंडनच्या भरसभेत एडिंग्टनसाहेबांनी हे हसण्यावारी नेले. चंद्रशेखरांना नोबेल मिळाले १९८३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी.