अर्धे अक्षर

पानाच्या पायथ्याशी बारीक अक्षरात लिहिणाऱ्या माणसाविषयी मला फार दिवसांपासून आपुलकी वाटत आली आहे. मूळ ग्रंथकाराला कीर्ती मिळते, प्रकाशकाला निदान कधी कधी पैसे मिळतात. पण 'येथे अमुक शब्दाचा अर्थ असा घ्यावा' एवढे सांगून बाजूला होणाऱ्या टीपकाराला काय मिळते? विद्यार्थ्यांची जांभई! आणि तरीही त्याच्यावाचून ग्रंथ अडतो. तुम्ही म्हणाल, मराठीचा अध्यापक आपल्या धंद्याची तरफदारी करतो आहे. करतोच. ज्या भाषेचा मुकुटमणी, शके १२१२ मधली ज्ञानेश्वरी, हाच मुळी दुसऱ्या ग्रंथावरची टीका आहे, त्या भाषेच्या अध्यापकाने टीकाकारांची बाजू घेऊ नये तर कोणी घ्यावी?

परंतु संगणकाच्या प्रोग्रामातही टीपा असतात आणि त्यांच्यावरून माणसे हमरीतुमरीवर येतात, ही गंमत मला अलीकडे कळली, आणि तीही मेडशीला. मेडशी हे आमचे गाव. अकोल्याहून वाशीमला जाताना पातूरनंतर आणि मालेगावच्या आधी लागते. वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी आम्ही स्वतःला अकोलेकर म्हणवीत असू. गावात थोरले बंधू शेती पाहतात. त्यांचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण हल्लीच्या रिवाजाप्रमाणे वर्षातले काही महिने ओसरीवर बसूनच तो पुण्याची नोकरी करतो. एका बाजूला सोयाबीनची पोती, दुसऱ्या बाजूला हा आणि त्याचा लॅपटॉप.

सुटीत मी गेलो होतो, तेव्हा त्याने मला हाक मारली. "काका, दुसऱ्यानं लिहिलेलं उलगडून सांगणं हाच तुमचा धंदा. हे वाचा बरं."

पडद्यावर इंग्रजीत तीन वाक्ये होती. त्यांचा मराठी मतलब असा : 'अक्षर अपुरे असल्यास उणे दोन परत येते. अवस्था अद्ययावत होते. गरज पडल्यास अवस्था आरंभीची करावी.'

"व्याकरण शुद्ध आहे," मी म्हणालो.

"व्याकरणाचं नाही म्हणत मी. ह्या टीपेनं आमच्यातल्या दोघाइले दोन वाटानं नेलं, अन् दोघंही खड्ड्यात पडले."

मग त्याने मला सारा प्रकार समजावून दिला. तो मला जेवढा समजला, तेवढा वाचकांपुढे ठेवतो.

यंत्राला अक्षर दिसत नाही, त्याला आकडे दिसतात. शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा कोणताही एक आकडा ज्यात मावतो, अशा एका डबीला बाइट म्हणतात. रोमन लिपीचे एक अक्षर एका डबीत बसते. आपल्या देवनागरीचे मात्र, सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत, तीन डब्यांत बसते. ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर आखली, असे सांगतात. शिवाय युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी वेगळी चिन्हे. आता 'मेडशी' हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरे तीन. युनिकोडला चिन्हे पाच : म, मात्रा, ड, श, वेलांटी. आणि यंत्राच्या पोटात बाइट पंधरा! एवढ्याशा गावाला केवढा हा पसारा!

गोम पुढेच आहे. यंत्र मोठा मजकूर एकदम गिळीत नाही, घासाघासाने खाते. ठरीव घास पुष्कळदा ४०९६ बाइटांचा असतो. सगळा मजकूर देवनागरी असेल, तर एका घासात १३६५ चिन्हे पुरी बसतात आणि एक बाइट उरतो. हा एक बाइट म्हणजे पुढच्या चिन्हाचा तिसरा हिस्सा. आपल्याकडे अर्धे अक्षर असते, त्याला उच्चार असतो, जोडाक्षरात मान असतो. या एक तृतीयांश अक्षराला काहीच नसते. उरलेले दोन भावंडे पुढच्या घासात येणार, तोवर याने थांबायचे.

सी नावाची जी जुनी संगणकभाषा आहे, तिच्या मानकात १९९५ च्या दुरुस्तीने या थांबण्याची सोय केली. बाइट घेऊन चिन्ह करून देणारा एक कारकून, आणि त्याच्याजवळ एक छोटी वही. वहीला म्हणतात 'अवस्था'. चिन्ह पुरे झाले की कारकून ते देतो. बाइट अशक्यच असतील तर 'उणे एक' म्हणतो, म्हणजे हे अक्षरच नव्हे. आणि आतापर्यंत ठीक आहे पण पुरे झाले नाही, असे असेल तर 'उणे दोन' म्हणतो. 'उणे दोन' म्हणताना तो हातातले सगळे बाइट घेतो आणि वहीत टिपून ठेवतो. सारे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे, आणि नेमके तेच त्या टीपेत नव्हते.

'अवस्था अद्ययावत होते' एवढे वाचून पहिल्या गृहस्थाला वाटले, उरलेला बाइट अजून आपल्याच पदरात आहे. त्याने तो जपून ठेवला आणि पुढच्या घासाच्या आधी लावला. कारकुनाच्या वहीत तो होताच! एकच बाइट दोनदा आला आणि कारकून म्हणाला, उणे एक. दुसऱ्या गृहस्थाने 'गरज पडल्यास अवस्था आरंभीची करावी' हे वाक्य मनावर घेतले. नवा घास म्हणजे नवी सुरुवात, असे समजून त्याने दर खेपेस वही पुसली. मग पुढचा घास अक्षराच्या मधूनच सुरू झाला आणि कारकून पुन्हा म्हणाला, उणे एक. गरज पडल्यास! कोणाला गरज, कधी पडली, हे कोण सांगणार?

'अवस्था' या शब्दातही एक पेच होता. काही पद्धतींत ही वही केवळ अपुऱ्या अक्षरासाठी नसते. जपानी भाषेच्या एका जुन्या पद्धतीत एक खूण आली की पुढचे बाइट जोडीजोडीने वाचायचे आणि दुसरी खूण आली की एकेकटे, असा दंडक आहे. आपल्या १९९१ च्या इस्की या भारतीय मानकातही देवनागरी, बंगाली, तेलुगू इत्यादी लिप्यांतल्या 'क'ला एकच आकडा असून, आधी येणारी खूण कोणती लिपी ते सांगते. ती खूण हुकली तर मराठी मजकूर तेलुगू वेषात उभा राहायचा. तेव्हा 'अवस्था' म्हणजे अर्धे अक्षर, की सध्या चालू असलेली लिपी? टीपकर्त्याच्या मनात एक असेल, वाचणाऱ्याच्या मनात दुसरे.

हे ऐकताना मला आमच्याच वऱ्हाडातले महानुभाव आठवले. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. अक्षरे देवनागरीसारखी, पण एकाच्या जागी दुसरे. किल्ली ठाऊक असेल त्याला ग्रंथ, नसेल त्याला नुसते चिताड. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती किल्ली उलगडली, तोवर मराठीचे केवढे तरी भांडार पंथाबाहेरच्या डोळ्यांना बंद होते. महानुभावांनी किल्ली मुद्दाम लपवली होती. या इंग्रजी टीपेच्या लेखकाला मात्र काही लपवायचे नव्हते. त्याला स्वतःला सारे ठाऊक होते, म्हणून सांगायचे राहून गेले. जाणत्या माणसाच्या टीपा पुष्कळदा अशाच असतात.

तुम्ही विचाराल, यात एवढे जिवाला लावून घेण्यासारखे काय? त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कचेरीच्या यादीत आमच्या आईचे नाव 'लक्ष्मीब' असे छापून आले होते, आणि त्यापुढे काळ्या चौकोनात एक पांढरे प्रश्नचिन्ह. आईने चष्मा पुसून कागद दोनदा वाचला आणि विचारले, "माह्या नावातली बाई कोठी गेली?" 'लक्ष्मीब' आणि लक्ष्मीबाई ही एकच व्यक्ती आहे, असे प्रतिज्ञापत्र करून देण्यात आणि हेलपाट्यांत दोन महिने गेले. तोवर तिचे पैसे अडकले ते अडकलेच. पैशापेक्षा ते प्रश्नचिन्ह तिला अधिक लागले. सत्तर वर्षे वापरलेल्या नावाला कोणी प्रश्न विचारला नव्हता.

पुतण्याने ओसरीवर बोटे मोजून दाखवली. 'लक्ष्मीबाई' म्हणजे दहा चिन्हे, तीस बाइट. 'ब'पर्यंत चोवीस होतात. कोणीतरी पंचवीस किंवा सव्वीस बाइटांची चौकट आखली असणार, आणि चौकटीच्या कडेवर 'बा'चा काना चिरला गेला असणार. दोष अगदी त्या टीपेतलाच नव्हे, पण त्याच कुळातला. अक्षर पुरे झाले का, हे कोणी विचारलेच नाही.

मग आम्ही दोघांनी नवी टीप लिहायला घेतली. मी मराठीत सांगायचे, त्याने इंग्रजी करायचे. तासाभराच्या खाडाखोडीनंतर ती अशी झाली :

'येथे अवस्था म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या चिन्हाची आठवण. उणे दोन आले, तर दिलेले सर्व बाइट घेतले गेले असून ते या अवस्थेत जपलेले आहेत. ते पुन्हा देऊ नका. पुढचा घास याच अवस्थेसह, पहिल्या नव्या बाइटापासून द्या. दोन घासांच्या मध्ये अवस्था पुसू नका. उणे एक आले, तर अवस्थेचा भरवसा धरू नका. नव्याने आरंभ करण्यापूर्वी ती पुसा. मजकूर संपल्यावर अवस्था आरंभीची नसेल, तर शेवटचे चिन्ह अर्धेच राहिले आहे.'

त्याच्या वरिष्ठांनी म्हणे हरकत घेतली, की टीप प्रोग्रामापेक्षा लांब झाली. मी कळवले की टीप यंत्र वाचीत नाही, तिला एक बाइटाचेही महत्त्व देत नाही. ती वाचतो तो रात्री अकरा वाजता डोळे चोळीत बसलेला दुसरा माणूस. त्याचे तीन दिवस वाचत असतील तर चार ओळी महाग नाहीत. टीप राहिली. मात्र पुतण्याने एक गोष्ट मला बजावली, ती मी मान्य केली : पुढे प्रोग्राम बदलला आणि टीप तशीच राहिली, तर ती नसलेल्या टीपेहून घातक. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती काय उगाच? जपणूक नसेल तर मूळ आणि टीप दोन्ही भ्रष्ट होतात.

यंदा वर्गात संदर्भासह स्पष्टीकरण शिकवताना मी मुलांना हे सारे सांगितले. म्हटले, कोणासाठीही टीप लिहाल तेव्हा तीन गोष्टी सांगा : झाले काय, उरले काय आणि पुढच्याने करायचे काय. 'गरज पडल्यास' असे लिहू नका. गरज कोणती ते लिहा. एकाने विचारले, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्याबरोबर बऱ्याच वह्या मिटल्या. मागच्या बाकावरच्या दोघीतिघींनी मात्र लिहून घेतले.