वाघ्याला मळ्यात नेऊ नकोस

चि. बाळू यास,


परवा मनमाडला हळदीच्या मांडवात तू सगळ्यांदेखत म्हणालास, "मामा, वाघ्यापायी घरात बसवत नाही. काय वास सोडतो! उन्हाळ कांदा चाळीत पडला की त्यालाही मळ्यात नेऊन बांधतो." मंडळी हसली. मी ताटावरून उठलो, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. लग्नघर होतं म्हणून गप्प बसलो. घरी आल्यापासून मात्र तेच वाक्य डोक्यात फिरतंय. फोन केला असता तर आवाज चढला असता, आणि तुझ्या आईला ते आता सोसत नाही. म्हणून लिहितोय.

शाकंबरी नदीला पूर आला त्या रात्री कोण भुंकत होतं, हे तुला मी सांगायला नको. तुझे वडील गेल्यावर दारातल्या चपलांपाशी कोण बसून राहिलं, तेही नको. त्या जिवाला तू वासापायी घराबाहेर काढणार?

बाळू, वास त्याच्या अंगाचा नाही, त्याच्या ताटलीचा आहे. गेल्या दिवाळीत मी ओट्यावर बसून पाहिलंय. दुपारचं उरलंसुरलं जर्मलच्या ताटलीत पडलं. शेवभाजीचा रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी आणि वर पोरांनी ओतलेलं पेलाभर दूध. वाघ्या मान वाकडी करून एकाच बाजूने घास घेत होता. डाव्या दाढांवर पिवळट तपकिरी थर चढलाय, हिरडी लाल झालीय. चावत नव्हताच, नुसता गिळत होता. ताटली ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली, लख्ख चाटली आणि लगेच मोठा ढेकर दिला. मी तेव्हाच म्हणालो होतो, याचे दात दाखव. तू म्हणालास, बघू.

आता ऐक. न चावता गिळलं की अन्नाबरोबर हवा पोटात जाते. म्हातारपणी आतडं मंदावतं, हिंडणं-फिरणं कमी होतं, त्यामुळे अन्न आत रेंगाळतं. जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात आणि वायू धरतो. त्यातल्या बहुतेक वायूला वास नसतोच. नाकाला झोंबतो तो हायड्रोजन सल्फाइडसारखा गंधकाचा वायू, आणि तो असतो जेमतेम नावाला. शेव म्हणजे बेसन. हरभरा, वाटाणा, मटकी, वाल यांतल्या काही साखरा कुत्र्याला पचवता येत नाहीत, त्या सगळ्या जंतूंच्या वाट्याला जातात. दुधाचंही तेच. पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य त्याच्या पोटात कमी होत जातं. पोरं मायेने दूध ओततात, त्यांना रागावू नकोस. पण आजपासून बंद कर.

भाकरीला मात्र दोष देऊ नकोस. तुझ्या त्या पुण्याच्या मित्राने सांगितलं ना, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांस घाला? 2013 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलंय की पिष्ट पचवणारं जनुक लांडग्याच्या मानाने कुत्र्यात कितीतरी जास्त प्रतींत असतं. माणसाच्या धान्यावर जगता जगता त्याचं पोट बदललं. आपली बाजरीची भाकरी मऊ करून घातली तर त्याला चालते. चालत नाही ते तिच्यावरचं कालवण.

आणि हे मला तुलाच नाही, अख्ख्या नांदगाव तालुक्याला सांगायचं आहे. नोकरीभर मी बोलठाण, जातेगाव, न्यायडोंगरीच्या पट्ट्यात जनावरांच्या मागे हिंडलो. गायीला सरकी, बैलाला पेंड, शेळीला पाला, सगळ्यांची वेगळी तजवीज. कुत्र्याला काय? आपल्या ताटात राहिलेलं. शिळं, आंबलेलं, तिखट, फोडणीचं, काल पाहुण्यांना पुरून उरलेलं. वर पुण्य केल्याचं समाधान! राखणीला तो हवा, पोरांना खेळायला तो हवा, मग त्याच्यासाठी चूल का पेटत नाही? नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नका देवा म्हणून. ही गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो आणि घरी येऊन खरकटं ओततो. (तूप घालू नकोस बरं. उतारवयात जास्त स्निग्ध सोसत नाही, स्वादुपिंड सुजतं.) उष्टं घालणं म्हणजे जीव लावणं नव्हे. उष्टं घालून ताट रिकामं होतं, एवढंच. याच्यासाठी मूठभर वेगळं शिजत नसेल, तर जीव लावतो म्हणू नये माणसाने.

त्यात आपला प्रांत कांद्याचा. आपल्या घरात कांदा-लसणाशिवाय भाजी नाही, आणि दोन्ही कुत्र्याला विषारी. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तातल्या लाल पेशी फुटू लागतात. शिजवला, वाळवला, पूड केली तरी गुण तोच. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, जनावर मलूल होऊन बसतं. आणि तू त्याला बांधणार कुठे, तर कांदाचाळीशेजारी! सडका कांदा निवडून बाजूला टाकता तिथे? साखळीला बांधलेलं उपाशी जनावर काय तोंडात घालील याचा नेम नाही.

तर असं कर. वेगळ्या पातेल्यात मऊ भात किंवा भाकरी, बरोबर उकडलेलं अंडं नाहीतर बिनमसाल्याची, हाडं काढलेली उकडलेली कोंबडी आणि उकडलेला थोडा लाल भोपळा. मीठ, तिखट, फोडणी काही नको. एकदम बदललंस तर हगवण लागेल, म्हणून आठ-दहा दिवसांत जुनं कमी आणि नवं जास्त करत जा. एकदाच ढीगभर घालू नकोस, तीन वेळा थोडं थोडं घाल. ताटलीच्या मध्यात त्याला गिळता येणार नाही एवढा मोठा गुळगुळीत दगड ठेव, मग त्याला बाजूबाजूने हळू खावं लागेल. सकाळ-संध्याकाळ स्टेशनच्या रस्त्याने सावकाश फिरव, पण जेवल्याबरोबर पळवू नकोस.

कोळशाच्या गोळ्यांचं तू विचारत होतास. 2001 साली इंग्लंडमधल्या वॉल्थमच्या संशोधकांनी कुत्र्यांना अंगरखे घालून शेपटीपाशी वायू मोजणारं यंत्र लावलं आणि सक्रिय कोळसा, युक्का नावाची वनस्पती व जस्ताचा क्षार घातलेली बिस्किटं खाऊ घातली. वास बराच कमी झाला, वायू सुटायचा तेवढाच सुटत राहिला. म्हणजे तुझ्या पाहुण्यांची सोय झाली असती, वाघ्याची नाही. शिवाय कोळसा इतर औषधंही शोषून घेतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. हिंग-ओव्याचे प्रयोगही नकोत. सूनबाईला माझं नाव सांग.

आता मला खरी धास्ती कशाची आहे ते लिहितो. वाघ्याची आई कारवानी होती, आणि त्याची छाती तिच्यासारखीच खोल आहे. गाय लसूणघास खाऊन फुगली की डावी कूस टरारते. आम्ही गोडेतेल पाजायचो, फारच झालं तर डॉक्टर ट्रोकार घालून हवा काढायचे, आणि गाय उठून चरायला लागायची. कुत्र्याचं तसं नाही. खोल छातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं जठर फुगता फुगता पीळ घेतं. रक्त थांबतं, काही तासांत जीव जातो. घाईघाईने खाणं, एका वेळी भरपूर खाणं, वय, सगळी कारणं वाघ्यात आहेत. ताटली पाटावर उंच ठेवायची म्हणत होती ना सूनबाई? ठेवू नकोस, अमेरिकेतल्या पाहणीत उंच भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका जास्त दिसलाय. वाघ्या ओकारीचे उमाळे काढतोय पण पडत काहीच नाही, लाळ गळतेय, एका जागी ठरत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताणलंय, असं दिसलं तर रात्र असो की पहाट, गाडी काढ. तेल पाजत बसू नकोस. अशा शस्त्रक्रियेची सोय कुठे आहे आणि रात्री कोण उठतं, ते आजच डॉक्टरांना विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेव. नाशिक तुमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, तिथे पोचेपर्यंत वेळ हातात राहील का, हाच विचार मला झोपू देत नाही. आणि मळ्यात बांधलेला असेल तर हे सगळं पाहणार कोण? सकाळी गडी येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

तो भरपूर खाऊनही वाळत चाललाय, असं तुझी आई म्हणाली. ते मला आवडलं नाही. शी ढीगभर, फिकट, तेलकट होते का, रक्त-आव पडते का, नीट बघ. स्वादुपिंड थकलं की असं होतं, जंतांनीही होतं. ताज्या शीचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात दे आणि त्याच वेळी दात दाखव. दाढ किडली असेल तर काढावी लागेल. आडतीवरच्या काट्यावर वजन करून लिहून ठेव.

मी येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने येतोय. मला तो घरात दिसला पाहिजे.

तुझा,
मामा

ता. क. पाय दुखतात म्हणून त्याला घरातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेन देऊ नकोस. मागे तुझ्या शेजाऱ्यांनी दिली होती, तेव्हा काय झालं ते तू पाहिलंयस.