अद्भुतरम्य ऐतिहासिक कादंबऱ्या : एका पालकांस केलेली शिफारस

पुस्तकाची शिफारस करणे हे दिसावयास सोपे, परंतु वस्तुतः जोखमीचे काम आहे. आपणांस आवडलेले पुस्तक दुसऱ्यास आवडेलच असे नाही. आणि न आवडल्यास तो पुस्तकाबरोबर आपल्या अभिरुचीसही नावे ठेवतो. तथापि आम्हां शिक्षकांस हे काम टाळता येत नाही. गतवर्षी एका पालकांनी ते माझ्यावर सोपविले, आणि त्या वेळी प्रश्न केवळ पुस्तकाचा नव्हता.

हे गृहस्थ स्वतः मोठे वाचक. बखरी, चरित्रे आणि जुना पत्रव्यवहार यांवर त्यांचा लोभ. कल्पित कथेस ते सरळ 'थापा' म्हणत. चिरंजीवांची तऱ्हा नेमकी उलट. जादू, राक्षस आणि गुप्त भुयारे यांखेरीज त्यांस काही रुचत नसे. वडिलांनी दोन पुस्तके कपाटात कुलूप लावून ठेवली. मुलगा तिसरे गादीखाली लपवून वाचू लागला. पुढे पुढे पानावर बसले असताही दोघांत बोलणे होईना. "सर, आम्हां दोघांस मिळून वाचता येईल असे काही आहे काय?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा त्यांचा स्वर नेहमीसारखा करारी नव्हता.

मी सांगितले, "आहे. ज्या कादंबरीत काळ इतिहासाचा आणि वाट अद्भुताची, ती तुम्हां दोघांची."

प्रथम मी नाथमाधवांचे नाव घेतले. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे पूर्ण नाव. सिंहगडाच्या कड्यावरून पडून ते अपंग झाले, आणि त्या पराधीन अवस्थेत लेखनाकडे वळले. त्यांची 'वीरधवल' ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ साली निघाली. पुढे त्याच लेखणीने शिवकालावर कादंबऱ्यांची मालाच गुंफिली. म्हणून मुलाने 'वीरधवला'पासून आरंभ करावा, वडिलांनी शिवकालापासून. वाटेत कोठे तरी गाठ पडेल, असे मी सुचविले.

दुसरे पुस्तक इंग्रजी : रड्यार्ड किपलिंग यांचे 'पक ऑफ पूक्स हिल', प्रकाशन १९०६. हे ग्रंथकार १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मले, परंतु ही कथा इंग्लंडातील ससेक्स परगण्यात घडते. डॅन व ऊना ही भावंडे कुरणात शेक्सपिअरच्या नाटकातील प्रवेश करीत असता पक नावाचा यक्षासारखा एक प्राचीन जीव टेकडीतून प्रकट होतो, आणि गतकाळातील माणसे त्यांच्या भेटीस आणतो. कधी नॉर्मन सरदार येतो, कधी हेड्रियनच्या तटबंदीवर पहारा केलेला पार्नेशियस नावाचा रोमन अधिकारी. तटबंदी खरी, तिचे काम इसवी सन १२२ च्या सुमारास सुरू झाले. पार्नेशियस मात्र कल्पित. किपलिंग यांचा साम्राज्याभिमान आपणां भारतीयांस रुचणारा नाही, हेही मी स्पष्ट सांगितले. ते ध्यानात ठेवून वाचावे, पण वाचावे.

तिसरे, मार्क ट्वेन यांची १८८९ सालची कादंबरी, 'अ कनेक्टिकट यांकी इन किंग आर्थर्स कोर्ट'. डोक्यावर तडाखा बसलेला एक अमेरिकन कारागीर शुद्धीवर येतो तो थेट सहाव्या शतकात, आर्थर राजाच्या राज्यात! २१ जून ५२८ रोजी सूर्यग्रहण होणार हे त्यास ठाऊक असते, आणि त्या ज्ञानाच्या बळावर तो आपला प्राण वाचवितो. मौज अशी की, ते ग्रहणच ग्रंथकाराने रचिलेले आहे. त्या दिवशी तसे ग्रहण झालेच नाही. या ग्रंथात मध्ययुगीन धर्मसत्तेवर कठोर टीका आहे. मी ख्रिस्ती असूनही ती मला वाचनीय वाटली. मात्र शेवट रक्तपाताचा असल्याने तो लहान मुलांच्या हाती देऊ नये.

दोन महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा भेटले. वडील वाचीत व अर्थ सांगत, मुलगा ऐके, असा त्यांचा क्रम चालला होता. एके रात्री मुलाने विचारले, "बाबा, तो मॅक्झिमस सेनापती खरोखर होता, की पार्नेशियससारखाच खोटा?" इतिहासाच्या या अभिमानी वाचकास उत्तर देता येईना. दोघांनी मिळून शोध केला. ब्रिटनमधील सैन्याने इसवी सन ३८३ मध्ये मॅक्झिमसला सम्राट म्हणून घोषित केले, आणि ३८८ मध्ये तो मारला गेला, असे त्यांस आढळले. "सर, पानातले अन्न निवून गेले, पण आमचे बोलणे काही संपेना," असे ते म्हणाले. कपाटाचे कुलूपही निघाले होते.

विद्यार्थिमित्रहो, अशी कादंबरी हाती घ्याल तेव्हा एक वही जवळ ठेवा. पानाच्या डाव्या बाजूस 'घडलेले' आणि उजव्या बाजूस 'रचलेले' असे लिहा, आणि प्रत्येक व्यक्ती व प्रसंग कोणत्या बाजूस जातो याचा शोध करा. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हे त्या वहीने तुम्हांस समजेल. आणि कल्पना म्हणजे असत्य भाषण नव्हे, हेही उमगेल. पालकांस विनंती इतकीच की, मुलाच्या हातातील पुस्तक काढून घेण्यापूर्वी त्याची दहा पाने आपण वाचून पाहावीत. कदाचित अकरावे पान वाचण्याची इच्छा आपणांसच होईल.