काकांची शिट्टी

आमच्या मुळशीत ‘जेल’ हा शब्द कुणी लाजत उच्चारत नसे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांबरोबर मावळातली माणसंही तुरुंगात गेली. त्यामुळे काका कारागृह शिपाई झाले तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “आपलीच माणसं आत गेली होती रे. जपून वाग.”

काका सुट्टीला एसटीनं पौडला यायचे. पितळी बक्कल, खिशात शिट्टी. कैदी भांडले तर काय करता, असं आम्ही पोरं विचारायचो. “शिट्टी, रांग. नाहीच ऐकलं तर घरच्यांची मुलाखत बंद.” दंड्याबद्दल ते बोलत नसत, पण तो होता. बेड्याही होत्या. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना चाप लावला. बायकांना बेडी आणि फटके मात्र १८९४ च्या कायद्यानंच वगळले होते. मला वाटतं, महिला बराकीची शिस्त वेगळी घडली ती इथून. हातात दंडाच नसेल तर बोलावं लागतं.

पुरुषांच्या जेलात बाई टिकणार नाही, असं काकांचं ठाम मत. पुढे आर्थर रोड कारागृहाची सूत्रं स्वाती साठेंकडे आली आणि मीरां बोरवणकर राज्याच्या कारागृहांच्या प्रमुख झाल्या. काका गप्प राहू लागले.

तरी बाईचा हात मऊच असतो, असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एक कैदी स्त्री दगावली, आणि मारहाणीच्या आरोपावरून अटक झाली ती सहा महिला कर्मचाऱ्यांना. ती बातमी वाचून काका जेवले नाहीत.

आता काकांची नात महिला बराकीत शिपाई आहे. गेल्या जत्रेला आली तेव्हा सांगत होती. नळावर बादलीवरून दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या. ही मध्ये जाऊन ओल्या फरशीवरच बसली. “आधी मला सांगा, घरून पत्र कुणाला आलं नाही?” एकीला तीन महिने आलं नव्हतं.

सहा वर्षांपर्यंतची मुलं आईजवळ आत राहू शकतात. गणती घेताना त्यातलं एखादं हिच्या कडेवर येऊन बसतं. काकांनी सगळं ऐकलं, आत गेले, ट्रंक उघडून जुनी शिट्टी आणली आणि तिच्या हातात ठेवली.

“वाजवायची वेळ आली, तर हळू वाजव. पोरं दचकतील.”