इर्तिशकाठचे आस्ताने

शाळेत सायबेरिया म्हणजे बर्फ आणि हद्दपारी, एवढंच शिकलो होतो. इर्तिश नदीबद्दल वाचायला लागलो आणि ती समजूत मोडली.

अल्ताई पर्वतात उगम पावणारी ही नदी चीन आणि कझाकस्तान ओलांडून रशियात शिरते. आधी गवताळ मैदानं, मग तैगाचं जंगल आणि दलदल. 4,248 किलोमीटर वाहून ती खांती-मान्सिस्कजवळ ओब नदीला मिळते. तिची धाव उत्तरेला. त्यामुळे वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, पुढे नदी गोठलेलीच असते. पाणी तुंबतं, पूर येतो.

तोबोल्स्कजवळ तिच्या उंच काठावर कुचुम खानाची राजधानी होती. इस्केर, म्हणजेच सिबिर. सायबेरिया हे नाव त्यातूनच आलं. खानाने बुखाऱ्याहून धर्मोपदेशक बोलावले होते. 1582 मध्ये येर्माकच्या कोसॅकांनी शहर घेतलं. 1585 मध्ये येर्माक इर्तिशमध्येच बुडाला. पुढे नदीने राजधानीची टेकडीही बरीचशी कुरतडून नेली.

राहिल्या त्या सूफींच्या कबरी. तिथले तातार मुसलमान त्यांना आपल्यासारखंच 'आस्ताना' म्हणतात. गावातलं एखादं घर पिढ्यानपिढ्या आस्ताना सांभाळतं, आपल्या मुजावरांसारखं.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. मी गावाचं नाव ठणकावून सांगतो. पण त्याच गावच्या कब्रस्तानात दादांच्या कबरीवर वाढलेलं गवत काढायला यंदा मी गेलेलो नाही.